पाण्यातले बाळंतपण : आपल्यासाठी आहे का?

सातव्या महिन्यात डोहाळजेवण झाले की पहिलटकरीण माहेरी येते. मावळात अजून बहुतेक घरांत हीच रीत आहे. मुलगी पुण्यात किंवा मुंबईत नोकरीला असते आणि माहेर असते कामशेतला, पवनानगरला, नाहीतर आंदर मावळातल्या एखाद्या वाडीवर. आठवा महिना लागतो, दुपार सरता सरत नाही आणि मोबाइलवर एक व्हिडिओ समोर येतो. मंद उजेड, कोमट पाण्याने भरलेला मोठा गोल टब, त्यात डोळे मिटून बसलेली स्त्री. दोन मिनिटांत बाळ पाण्यातून वर येते आणि आईच्या छातीशी विसावते. आरडाओरडा नाही, सलाईन नाही, लोखंडी टेबल नाही. पुढच्या तपासणीला ती विचारते, ‘‘मॅडम, तुमच्याकडे वॉटर बर्थ होते का?’’

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. त्यामागे हौस थोडी असते, भीती जास्त. लेबर रूममध्ये एकटे पडण्याची, कुणीतरी खेकसण्याची आणि मुख्य म्हणजे सिझेरियनची. ही भीती उगाच नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातील २१.५ टक्के बाळंतपणे सिझेरियनने झाल्याचे दिसले. सरकारी रुग्णालयांत हे प्रमाण १४.३ टक्के, तर खासगीत ४७.४ टक्के होते. म्हणजे खासगी रुग्णालयात जवळजवळ दर दुसरी बाई पोटावर टाके घेऊन घरी येते. अशा वेळी ‘नैसर्गिक’ शब्द कानाला गोड लागणारच.

लोणावळ्याला तर हा शब्द शंभर वर्षांच्या ओळखीचा. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये इथेच कैवल्यधामची स्थापना करून योगाचा प्रयोगशाळेत अभ्यास सुरू केला. मनशक्ती केंद्राच्या गर्भसंस्काराच्या शिबिरांना राज्यभरातून जोडपी येतात. श्वासाकडे लक्ष देणे, शरीर सैल सोडणे हे तिथे शिकलेले कळांच्या वेळी खरोखर उपयोगी पडते. पण त्यापुढची पायरी म्हणजे पाण्यातच बाळंत होणे, असा अर्थ काढायचा का, हे वेगळे तपासावे लागते.

सुरुवातीलाच एक गल्लत दूर केलेली बरी. ‘वॉटर बर्थ’ या एका नावाखाली दोन गोष्टी येतात. पहिली म्हणजे कळा सुरू असताना, गर्भाशयाचे तोंड उघडत असताना, कोमट पाण्यात बसणे. बाळ बाहेर यायची वेळ झाली की टबाबाहेर यायचे आणि बाळंतपण नेहमीसारखे. दुसरी म्हणजे बाळाचा जन्मच पाण्याखाली होणे. व्हिडिओत दिसते ती दुसरी. वैद्यकीय जगात ज्याबद्दल बऱ्यापैकी एकमत आहे ती पहिली.

कोमट पाण्यात अंगाचे वजन हलके होते, कमरेवरचा ताण उतरतो, कूस बदलणे सोपे जाते. स्नायू सैल पडतात, भीती कमी होते. भीती कमी झाली की शरीरातील ताणाची संप्रेरके कमी होतात आणि कळा आणणाऱ्या ऑक्सिटोसिनला वाव मिळतो, असा त्यामागचा तर्क. दमलेल्या अंगावर गरम पाणी पडले की काय वाटते, हे बाळंतिणीच्या न्हाणीघरात वाढलेल्या मराठी बाईला कुणी समजावून सांगायला नको. पुरावाही आहे. कॉक्रेन या संस्थेने २०१८ मध्ये १५ चाचण्यांचा, एकूण ३,६६३ स्त्रियांचा आढावा घेतला. कळांच्या काळात पाण्यात बसलेल्या स्त्रियांत एपिड्युरलसारखी भूल घ्यावी लागण्याचे प्रमाण १०० मागे ४३ वरून ३९ वर आले. फरक आहे, पण डोळे दिपवणारा नाही. सिझेरियन टळते असे मात्र त्यात दिसले नाही. टबात बसले की सिझेरियन चुकेल, या आशेने कुणी हा पर्याय निवडत असेल तर तिला हे आधी सांगायला हवे.

पाण्याखालच्या जन्माचा इतिहास छोटा आहे. फ्रान्समधील पिथिव्हिए या गावच्या सरकारी रुग्णालयात मिशेल ओदाँ या डॉक्टरांनी १९७० च्या दशकात कळा सुसह्य व्हाव्यात म्हणून टब ठेवला. काही जणी बाहेर यायलाच तयार होईनात, आणि बाळे पाण्यातच जन्मू लागली. अशा १०० जन्मांचा अनुभव त्यांनी १९८३ मध्ये ‘लॅन्सेट’ नियतकालिकात मांडला. ब्रिटनमध्ये १९९२ साली संसदेच्या आरोग्य समितीने रुग्णालयांनी टबाचा पर्याय द्यावा असे सुचवले आणि तिथे ही पद्धत सरकारी व्यवस्थेत रुजली. आपल्याकडे चर्चा वाढली ती चित्रपटसृष्टीमुळे. अभिनेत्री कल्की केकला यांची मुलगी फेब्रुवारी २०२० मध्ये जलप्रसूतीने जन्मली आणि त्यांनी त्याबद्दल मोकळेपणाने सांगितले.

बाळ पाण्यात गुदमरत कसे नाही, हा घरातल्या आजीचा पहिला प्रश्न असतो आणि तो अगदी योग्य आहे. पोटात असताना बाळाची फुप्फुसे द्रवानेच भरलेली असतात. प्राणवायू येतो नाळेतून. बाहेर आल्यावर चेहऱ्याला लागणारी गार हवा, स्पर्श, उजेड आणि नाळेचा पुरवठा थांबणे या सगळ्यांमुळे बाळ पहिला श्वास घेते. कोमट पाण्यात यातले बरेच इशारे पोचत नाहीत, शिवाय चेहऱ्याला पाणी लागले की श्वास रोखून धरणारी एक प्रतिक्षिप्त क्रियाही असते. म्हणून निरोगी बाळ त्या काही सेकंदांत श्वास घेत नाही. गोम ‘निरोगी’ या शब्दात आहे. कळांमध्ये ज्या बाळाला प्राणवायू कमी पडला आहे, ते पाण्याखालीच आचका देऊ शकते, आणि मग पाणी फुप्फुसात जाते. त्यामुळे बाळाचे ठोके वेळच्या वेळी ऐकणे हा जलप्रसूतीचा प्राण आहे. पहिल्या टप्प्यात दर १५ मिनिटांनी आणि जोर लावण्याच्या टप्प्यात दर ५ मिनिटांनी, पाण्यात चालणाऱ्या डॉप्लरने. हे यंत्र आणि ते हातात धरून बसणारे माणूस नसेल, तर टब कितीही सुंदर असला तरी त्यात उतरू नये.

आता तज्ज्ञांचे म्हणणे. अमेरिकेतील स्त्रीरोगतज्ज्ञांच्या महाविद्यालयाने २०१६ मध्ये सांगितले, की ३७ ते ४१ पूर्ण आठवड्यांची, कोणतीही गुंतागुंत नसलेली गर्भवती कळांच्या पहिल्या टप्प्यात पाण्यात बसू शकते. मात्र बाळाचा जन्म जमिनीवर व्हावा. तिथल्या बालरोगतज्ज्ञांचेही मत असेच सावध आहे. ब्रिटनचा अनुभव वेगळा. तिथे २०१५ ते २०२२ या काळात कळांसाठी टब वापरलेल्या ८७,०४० स्त्रियांच्या नोंदी ‘पूल’ नावाच्या अभ्यासात तपासल्या गेल्या. निष्कर्ष २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. कमी जोखमीच्या स्त्रियांत पाण्यात जन्म झाला म्हणून आईला मोठ्या जखमा किंवा बाळाला गंभीर त्रास वाढल्याचे दिसले नाही. नाळ तुटण्याचे प्रमाण मात्र पाण्यात जास्त होते, हजारात सुमारे १० विरुद्ध ३. बाळाला घाईने वर उचलताना आखूड नाळेला हिसका बसतो. जवळचे माणूस तयारीचे असेल तर चिमटा लावून रक्त लगेच थांबवता येते. नसेल तर बाळाचे मूठभर रक्त हा हा म्हणता जाते.

दोन्ही देशांची मते उलटी वाटतात, पण ती तशी नाहीत. ब्रिटनमध्ये हे काम प्रशिक्षित मिडवाइफ करते, तिने असे जन्म पुष्कळ हाताळलेले असतात आणि गरज पडली तर पुढे नेण्याची व्यवस्था आधीपासून बांधलेली असते. ८७ हजारांचा तो आकडा टबाचा जेवढा, तेवढाच त्या व्यवस्थेचा आहे. आपल्याकडे केंद्र सरकारने २०१८ च्या डिसेंबरमध्ये मिडवाइफरी सेवेची मार्गदर्शक तत्त्वे काढली, परिचारिकांना १८ महिन्यांचे खास प्रशिक्षण देण्याचे ठरवले. ते काम सुरू आहे, पण प्रत्येक तालुक्याच्या लेबर रूममध्ये अशी परिचारिका असेल ही वेळ अजून यायची आहे. परदेशी अभ्यासाचा निष्कर्ष तेवढा उचलायचा आणि त्यामागची माणसे तिकडेच ठेवायची, असे करता येत नाही.

त्याच अभ्यासातली आणखी एक गोष्ट पहिलटकरणींनी लक्षात ठेवावी. पहिल्यांदा बाळंत होणाऱ्यांपैकी साधारण एक तृतीयांश जणींना वैद्यकीय मदतीसाठी टबातून बाहेर यावे लागले. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेच्या बायकांत हे प्रमाण वीसात एक इतकेच होते. म्हणजे पहिल्या वेळी सगळे छान ठरवूनही तीनपैकी एकीचा बेत बदलतो. टबातून बाहेर यावे लागले म्हणजे आपण हरलो, असे जिला वाटणार असेल, तिने आधीच मनाची तयारी केलेली बरी. नवऱ्यानेही.

कुणी हा विचार सोडूनच द्यावा? जुळी, पायाळू किंवा आडवे बाळ, ३७ आठवड्यांच्या आधीच्या कळा, वाढलेला रक्तदाब, औषधावर असलेला मधुमेह, वार खाली असणे, ताप, अंगावरून रक्तस्राव, रक्तातून पसरणारा संसर्ग. आधीचे सिझेरियन असेल तर व्रणावर आणि बाळाच्या ठोक्यांवर सतत लक्ष ठेवावे लागते, म्हणून बहुतेक ठिकाणी नकारच मिळतो. कळा आणण्यासाठी सलाईन लावले असेल तरी तेच. पाणमोट फुटल्यावर पाणी हिरवट दिसले, म्हणजे बाळाने आतच शी केली असेल, तर टबाबाहेर. गुंगी आणणारे वेदनाशामक इंजेक्शन घेतले असेल तर लगेच पाण्यात जायचे नाही, आणि एपिड्युरल हवी असेल तर पाणी सोडावेच लागते.

या यादीतला आपल्याकडचा सर्वांत मोठा अडसर मात्र सगळ्यांत साधा दिसतो. तो म्हणजे अंगात रक्त कमी असणे. त्याच सर्वेक्षणानुसार देशातील ५२.२ टक्के गर्भवतींना रक्तक्षय होता. बाळंतपणानंतरचा अतिरक्तस्राव हे मातामृत्यूचे मोठे कारण, आणि ज्या बाईचे हिमोग्लोबिन मुळात ८ आहे तिला एरवी सोसण्याजोगा रक्तस्रावही झेपत नाही. पाण्यात किती रक्त गेले याचा अंदाज येणे कठीण; टबभर पाणी थोड्या रक्तानेही लाल होते आणि जास्त रक्तानेही लालच दिसते. म्हणून वार पडण्याच्या वेळी बाईला बाहेर घेणे अनेक तज्ज्ञ पसंत करतात. जिला जलप्रसूतीची इच्छा आहे, तिचा पहिला खर्च टबावर न होता लोहाच्या गोळ्यांवर आणि हिमोग्लोबिनच्या तपासणीवर व्हावा. तिसऱ्या महिन्यापासून.

पुढचा प्रश्न रस्त्याचा, आणि मावळात तो सोपा नाही. महाराष्ट्रात जलप्रसूतीची तयारी असलेली रुग्णालये मोजकी, खासगी आणि मोठ्या शहरांत आहेत. लोणावळ्याहून पुणे सुमारे ६५ किलोमीटर. कागदावर दीड तास. पण पावसाळ्यातल्या शनिवारी-रविवारी भुशी धरणाकडे निघालेल्या गाड्यांनी लोणावळा तुंबलेले असते, घाटात दरड आली तर द्रुतगती मार्गही ठप्प. वडेश्वरपलीकडे, ठोकरवाडी धरणाच्या कडेने खांडी-सावळ्यापर्यंतच्या गावांची तर गोष्टच वेगळी; तिथून कान्हे फाट्यापर्यंत येणेच एक प्रवास आहे. प्रसूतीची तारीख जून ते सप्टेंबरमधली असेल आणि माहेर आत असेल, तर पुण्यातल्या टबाचा बेत कळा सुरू झाल्यावर पाळणे जवळपास अशक्य. मग पर्याय दोन. शेवटचे दोन-तीन आठवडे पुण्यात कुणाकडे तरी राहायला जायचे, किंवा टबाचा विचार सोडून जवळच्या चांगल्या रुग्णालयात नाव घालायचे. दुसऱ्यात काही कमीपणा नाही. तळेगाव दाभाड्याच्या वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेले डॉ. भाऊसाहेब सरदेसाई रुग्णालय, पुढे पिंपरीचे यशवंतराव चव्हाण रुग्णालय, पुण्यात ससून, अशी साखळी याच रस्त्यावर आहे. कोणत्या टप्प्यावर रक्त मिळते, सिझेरियन होते, नवजात बाळासाठी अतिदक्षता विभाग आहे, हे नवव्या महिन्याआधी घरातल्या एका माणसाने जाऊन विचारून यावे. फोनवर नको, प्रत्यक्ष.

यातूनच काही जणांच्या मनात तिसरा विचार येतो. लोणावळ्यात बंगला आहे, हवा छान आहे, फुगवायचा टब ऑनलाइन मिळतो. मग घरीच का नको? याचे उत्तर स्पष्ट आहे. नको. प्रसूतीच्या टबाला पाचसहाशे लिटर पाणी लागते. पंचवीस लिटरच्या गिझरने ते ३७ अंशांपर्यंत आणायचे तर गिझर दहाएक वेळा भरून तापवावा लागेल, आणि पावसात वीज गेली तर तोही नाही. पाणी ३७.५ अंशांच्या वर जाऊ द्यायचे नसते, कारण आईचे अंग तापले की पोटातल्या बाळाचे ठोके वाढतात. म्हणून दर तासाला पाण्याचे आणि आईचे तापमान पाहावे लागते. आधीच भरून ठेवलेले कोमट पाणी तर त्याहून घातक. लिजिओनेला नावाचा जंतू अशा पाण्यात वाढतो आणि बाळाला जीवघेणा न्यूमोनिया होतो. २०१४ मध्ये इंग्लंडमध्ये घरच्या गरम टबात जन्मलेल्या बाळाला हा आजार झाला, तेव्हा तिथल्या आरोग्य यंत्रणेने पाणी आगाऊ भरून तापते ठेवणारे टब वापरू नका, असा इशारा दिला. त्याच वर्षी अमेरिकेतील टेक्सासमध्ये असाच जन्मलेला एक जीव दगावला. तो टब जवळपास दोन आठवडे आधी विहिरीच्या पाण्याने भरलेला होता. बोअरवेल आणि टँकरवर चालणाऱ्या बंगल्यांनी हे विशेष वाचावे.

आणि पाण्याचा प्रश्न सुटला तरी रक्तस्रावाचा सुटत नाही. २०१८ च्या जुलैत तमिळनाडूतील तिरुप्पूर येथे व्हिडिओ पाहून घरीच बाळंतपण करण्याच्या प्रयत्नात एका तरुण मातेचा अतिरक्तस्रावाने मृत्यू झाला. टब नव्हता, पण धडा तोच. महाराष्ट्रात आज सुमारे ९५ टक्के बाळंतपणे रुग्णालयात होतात आणि २०१८-२० च्या नमुना नोंदणीनुसार लाख जन्मांमागे मातामृत्यू ३३ वर आले आहेत. देशाचा आकडा तेव्हा ९७ होता. इथवर यायला दोन पिढ्या लागल्या.

सगळे जुळून आले, पुण्यात राहण्याची सोय आहे, तब्येत उत्तम आहे, तर रुग्णालयाला विचारायचे प्रश्न टोकदार हवेत. टबातच बाळ जन्मते की फक्त कळा काढायच्या? गेल्या वर्षभरात असे किती जन्म इथे झाले, आणि किती जणींना बाहेर काढावे लागले? रात्री दोन वाजता कोण असते? मला उचलून बाहेर घ्यायची वेळ आली तर किती मिनिटांत आणि कसे? दोन बायकांच्या मध्ये टब कसा साफ होतो, पाण्याचे जंतूपरीक्षण कधी झाले? बालरोगतज्ज्ञ इमारतीत असतात की फोनवर? टबाचे पैसे वेगळे आहेत का, आणि टब वापरलाच नाही तर परत मिळतात का? शेवटचा प्रश्न विचारायला संकोच वाटतो, पण उत्तरावरून बरेच कळते. ‘‘काही काळजी करू नका, सगळे छान होते,’’ एवढेच उत्तर मिळाले तर उठून यावे. आपल्या अपयशांचे आकडे सांगणारे रुग्णालय जास्त भरवशाचे.

टब नसलेल्या जागीही बरेच काही मागता येते, हे मात्र बहुतेकींना ठाऊक नसते. आपल्या माणसाचा हात धरून कळा सोसणे, याचा पुरावा टबापेक्षा भक्कम आहे. कॉक्रेनच्याच २०१७ च्या आढाव्यात, १५ हजारांहून अधिक स्त्रियांच्या अभ्यासात, सतत सोबत मिळालेल्या बायकांत सिझेरियन कमी झाली, कळांचा काळ थोडा आटोपशीर झाला आणि बाळंतपणाबद्दलचा कडवटपणाही कमी राहिला. म्हणजे टबाकडून जी अपेक्षा होती, ती आई, बहीण किंवा जाऊ पूर्ण करते. केंद्र सरकारने फेब्रुवारी २०१६ पासून सरकारी रुग्णालयांतही प्रसूतीच्या वेळी सोबतीला एका स्त्री नातेवाइकाची परवानगी दिली आहे. २०१७ च्या ‘लक्ष्य’ कार्यक्रमात तर सोबत, खासगीपणा आणि बाळंतिणीच्या सोयीची स्थिती या गोष्टी लेबर रूमच्या गुणवत्तेत मोजल्या जातात. आडवे झोपूनच कळा द्यायच्या असा नियम कुठेच नाही. चालावे, उकिडवे बसावे, खाटेला धरून पुढे वाकावे, कमरेला गरम पाण्याची पिशवी लावावी. न्हाणीघर असेल तर स्टुलावर बसून पाठीवर कोमट पाण्याचा शॉवर घ्यावा, किंवा सोबतिणीने तांब्याने पाणी सोडावे. त्याला ना टब लागतो, ना वेगळे पैसे. कार्ला किंवा टाकव्याच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातही हे मागायला हरकत नाही, आणि तिथे जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमामुळे बाळंतपण, औषधे आणि जाण्या-येण्याची गाडी मोफत आहे.

घरी कळा नुकत्याच सुरू झाल्या असतील, लांब लांब येत असतील, तर कोमट पाण्याने अंघोळ करून घ्यायला हरकत नाही. खोट्या कळा असल्या तर त्यानेच थांबतात. पाणमोट फुटली, रक्त दिसले, बाळ हलेनासे झाले, किंवा कळा पाच-पाच मिनिटांवर आल्या तर अंघोळ राहू द्यावी आणि १०२ किंवा १०८ ला फोन करावा. आतल्या गावांत, पाऊस लागलेला असताना, दहा मिनिटांच्या कळांनाच करावा. फाइल, रक्तगटाचा कागद आणि बाळाचे दुपटे पिशवीत भरून दाराशी ठेवलेले असावे.